दोन म्हशींचं घर

सारजाचं लग्न दोन म्हशींवर ठरलं. त्यातली एक उसनी होती आणि दुसरी नव्हतीच.

१९९२ सालचा उन्हाळा. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला, धोंडीबांच्या घरी, सारजाचे वडील आणि चुलते घर बघायला आले होते. मुलगा पसंत होता, पण दारात काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढची बोलणी करायची नाहीत, असं बारामतीहून निघतानाच त्यांचं ठरलं होतं. धोंडीबांनाही ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सकाळीच शेजारच्या रंगूबाईची म्हैस आणून आपल्या दारात बांधली आणि तिच्यापुढं ज्वारीचं हिरवं कडवळ टाकलं. म्हैस खाण्यात गुंग होती. घर कुणाचं, याची तिला फिकीर नव्हती.

पाहुणे चहा पीत असतानाच शाळेचे मास्तर दाराशी आले. हातात फॉर्मांचा गठ्ठा. घरोघरच्या उत्पन्नाची सरकारी पाहणी निघाली होती आणि ते काम सुट्टीतल्या मास्तरांच्या गळ्यात पडलं होतं. ओसरीच्या कडेला बसून मास्तर विचारत गेले आणि धोंडीबा सांगत गेले. तोंड मास्तरांकडं, पण बोलणं पाहुण्यांसाठी. दोन एकर जमीन होती, ती चार एकर झाली. कोरडवाहू होती, ती बागायत झाली. मुलगा गेणू वालचंदनगरला ठेकेदाराच्या हाताखाली सीझनपुरता कामाला होता, तो बारमाही झाला. जनावरं किती, या प्रश्नावर धोंडीबा क्षणभर थांबले आणि दोन म्हशी म्हणाले. मास्तरांनी दाराकडं मान वळवली. तिथं एकच होती.

"दुसरी चरायला गेलीय," धोंडीबा म्हणाले.

वर्षाचं उत्पन्न पंचवीस हजार. मास्तरांनी लिहून घेतलं आणि ते पुढच्या घराकडं निघाले. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहून माना हलवल्या.

दिवस मावळायच्या आत म्हैस आपल्या घरी परत गेली. कागद मात्र इंदापूरला जाऊन बसला.

लग्न होऊन तिसऱ्या दिवशी सारजानं सासूला विचारलं, की म्हशी कुठं आहेत. भागुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पुष्कळ वेळ त्या नुसत्याच हलत राहिल्या. मग सगळं सांगून टाकलं. मास्तर आले होते, तेही. सारजालाही हसू फुटलं. रागवायला तिच्याकडं तोंड नव्हतं, कारण तिच्या वडिलांनीही या ओसरीवर एक थाप मारून ठेवली होती. पोरगी शिवणकामात तयार आहे, झंपर-परकर घरच्या घरी शिवते, असं ते सांगून गेले होते. सारजानं शिलाई मशीनवर कधी पायसुद्धा ठेवला नव्हता.

तिला जे येत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, असं तिच्या घरच्यांचं मत होतं. तिचे वडील बारामतीच्या मार्केट यार्डात हमाल. आठवी झाल्यावर सारजाची शाळा सुटली आणि ती यार्डामागच्या एका दुकानात जाऊ लागली. विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान होतं ते. वीज कमी दाबानं आली की मोटार जळते. मग तिच्या पोटातली तांब्याची जळकी तार काढायची आणि नवी बसवायची. याला मोटार भरणं म्हणतात. जळकी तार काढायचं काम किलोवर मिळायचं आणि ते बायका-पोरी करायच्या. नवी तार भरायचं काम गड्यांचं, ते रोजावर. तीन वर्षं सारजानं जळक्या तारा ओढल्या. बोटांची टोकं काळी पडली, नखांत काजळी बसली. हात तारेत आणि डोळे मिस्त्रीच्या हातावर. तार कुठल्या खाचेतून निघते, कुठल्या खाचेत शिरते, वेटोळ्याला किती फेरे पडतात, हे ती बघून बघून शिकली. एकदा तिनं मिस्त्रीला विचारलं, एक वेटोळं मी टाकून बघू का? मिस्त्रीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. काढणारीनं काढावं, एवढंच तो म्हणाला.

पोरगी गड्यांच्या दुकानात बसते हे सोयरिकीला आडवं येईल, म्हणून वडिलांनी तिचं शिवणकाम पुढं केलं होतं.

वरकुट्यात चार वर्षं गेली. मुलगी झाली, दिशा; ती दोन वर्षांची झाली. गेणूला ठेकेदाराचं बोलावणं आलं की घरात चार महिने नीट चूल पेटायची. उरलेले आठ महिने तो आणि सारजा लोकांच्या उसात राबत. एकाच सरीत, एकाच उन्हात. सांजच्याला बाईची हजेरी गड्याच्या निम्मी पडे. सारजा खुरपता खुरपता मनात मांडणी करी, की हा अर्धा दिवस आपला जातो कुठं. काम सकाळी एकदमच सुरू होतं आणि संध्याकाळी एकदमच थांबतं. मधल्या मधे अर्धा दिवस हरवतो. ती हे गेणूला बोलून दाखवायची. गेणू भला माणूस. तो दिशाला खांद्यावर घ्यायचा.

आणि गावात मोटारी जळतच होत्या. शिवारात पाणी वाढलं तसे पंप वाढले, आणि वीज होती तेवढीच राहिली. मोटार जळली की ती बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये घालून इंदापूरला न्यायची, तिथं चार दिवस नंबर लावायचा. इकडं ऊस माना टाकायचा. वरकुट्यात मोटार भरणारं कुणी नव्हतं. रस्त्यानं जाताना एखादी उघडी पडलेली मोटार दिसली, की सारजाची बोटं आपोआप हलत.

१९९६च्या जुलैत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागला. इंदापुरात बेरोजगारांसाठी सरकारी खर्चानं सहा महिन्यांचे वर्ग निघणार होते. शिवणकाम, सुतारकाम, मोटार रिवायंडिंग म्हणजे मोटारी भरणं. शिकताना महिन्याला थोडं विद्यावेतनही होतं. सारजानं तो कागद दोनदा वाचला आणि तशीच आत गेली. ग्रामसेवकांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी तिचं म्हणणं ऐकलं, कपाटातून यादी काढली आणि बोट फिरवत खाली आले. हे वर्ग फक्त ब्याण्णवच्या पाहणीवरून केलेल्या यादीतल्या गरीब कुटुंबांसाठी होते. धोंडीबांचं घर यादीत नव्हतं.

"चार एकर बागायत, दोन म्हशी, पंचवीस हजार," भाऊसाहेबांनी पाहणीच्या नकलेतून वाचून दाखवलं. "वहिनी, तुमच्यापेक्षा माझीच परिस्थिती वाईट आहे."

यादीत नाव घालायचा एकच रस्ता होता. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत घरच्या माणसानं उभं राहून सांगायचं, की पाहणीत लिहिलं ते चुकीचं आहे. सभेनं ते मान्य केलं तर ठराव वर जाणार होता.

सारजा घरी आली ती वाटेत सगळी वाक्यं जुळवूनच. पण धोंडीबांनी पहिल्याच वाक्याला हात वर केला.

सोळा वर्षांचे असताना, छप्पन्न साली, ते आपल्या वडिलांबरोबर बौद्ध झाले होते. त्या दिवसापासून या घरानं गावकीची कामं सोडली, मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, सणासुदीला दारोदार शिळं मागायचं सोडलं. त्याची शिक्षा म्हणून गावानं दोन वर्षं त्यांना शेतात कामाला बोलावलं नाही. तेव्हा उपाशी राहिले, पण कुणाच्या उंबऱ्याशी गेले नाहीत. म्हातारे फारसं बोलत नसत. हे मात्र त्यांनी त्या दिवशी सगळं सांगितलं, सावकाश, जणू सारजाला ते माहीतच नव्हतं.

"तवापासून या घरानं हात पसरला न्हाय," ते म्हणाले. "आता झेंड्याखाली हुबं राहून मी गरीब हाय म्हणू? आन तेबी त्याच लोकांपुढं?"

सारजा म्हणाली, "मामंजी, तुमी काम सोडलं ते अब्रूसाठी. मी काम मागतीय तेबी अब्रूसाठीच."

"मग माग की. आडवलंय कुणी? यादी कशाला पायजे?"

"यादीशिवाय ते दार उघडत न्हाय."

धोंडीबा उठून बाहेर गेले. गेणू म्हणाला, आबा नाही म्हणतात तर राहू दे, पुढच्या साली बघू. सारजानं त्याला विचारलं, की पुढच्या साली कागदावरच्या म्हशी मरणार आहेत का. भागुबाई चुलीपुढून बोलल्या, त्यातली दुसरी लई चिवट हाय, कधीची चरतीय.

त्यानंतर महिनाभर सासरा-सुनेत कामापुरतं बोलणं राहिलं. सारजानं ताट वाढावं, त्यांनी जेवावं. त्यांनी दिशासाठी पेरू आणावा, तिनं तो धुऊन द्यावा. पण सारजानं ठरवलं होतं. सासऱ्यांनी नाही सांगितलं तर आपण सांगायचं. घरच्या माणसानं, असं भाऊसाहेब म्हणाले होते. घरचा माणूस म्हणजे गडीच, असं काही ते म्हणाले नव्हते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. बायका व्हरांड्यात, गडी पुढं. धोंडीबा मागच्या बाजूला, भिंतीला टेकून. रस्ता, गटार, पाण्याची टाकी असे विषय झाले. आणखी कुणाला काही सांगायचंय का, असं सरपंचांनी विचारलं. ते उठायच्या बेतात होते, आणि सारजा उभी राहिली.

व्हरांड्यातून बाई बोलायची त्या सभेत पद्धत नव्हती. आवाज कुठून आला ते काहींना कळेना. तिनं सांगितलं, की चार सालांमागं आमच्या घराची पाहणी झाली ती खोटी आहे. आमची जमीन दोन एकर आहे आणि ती कोरडवाहू आहे. आमच्या घरात म्हैस नव्हती.

"मग काय उडून गेली?" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"माजी व्हती," रंगूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "एक दिसासाठी नेली व्हती. दूदबी मीच काढलं."

आता सगळं पटांगण हसत होतं. पुढच्या रांगेत संभाजीराव बसले होते. उसाचे मोठे बागायतदार, कारखान्याचे सभासद. त्यांनी मान वळवून भिंतीकडं पाहिलं. "धोंडीबा, दुसऱ्याच्या म्हशीवर सून आणलीस व्हय रं?"

धोंडीबांनी मान खाली घातली. सारजानं ते पाहिलं. त्या घटकेला आपण खाली बसावं असं तिला वाटून गेलं, हे तिनंच पुढं सांगितलं. पण ती बसली नाही.

"संभाजीराव," ती म्हणाली, "यंदा तुमची मोटार दोनदा जळाली. दोन्ही टायमाला इंदापुरात चार-चार दिवस पडून व्हती. तवा तुमचा ऊस कुणाच्या म्हशीनं भिजवला?"

हशाचं तोंड फिरलं. संभाजीरावांच्या शेजारचे लोकच मोठ्यानं हसले. सारजानं तो ओसरू दिला आणि मग सरळ सांगितलं, की मला मोटारी भरायचं शिकायचंय, वर्ग इंदापुरात आहे, त्यासाठी यादीत नाव पाहिजे.

भाऊसाहेबांना वाटलं असावं, आपण मधे पडून गोष्ट सोपी करावी. ते म्हणाले, बाईमाणसासाठी शिवणवर्ग आहे, तिकडं जागाही रिकाम्या आहेत. सारजा म्हणाली, मला शिवता येत नाही.

"अगं, तुज्या बापानं सांगितलं व्हतं येतं म्हणून," भागुबाई तिच्या शेजारून म्हणाल्या. एवढ्या माणसांत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या आणि त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "दोनी घरं सारखीच लबाड. जाऊ द्या आता, पोरीला मोटारच शिकू द्या."

सरपंचांनी हसू आवरलं. पण सून काय म्हणते त्यावर ठराव होत नाही, असं त्यांना कुणीतरी कानात सांगितलं. घराच्या कर्त्यानं बोलायला हवं होतं. सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळल्या.

धोंडीबा उभे राहिले. टोपी नीट केली. सरपंचांकडं न बघता ते भाऊसाहेबांशी बोलले.

"म्हैस रंगूबाईची. दुसरी नव्हतीच. जमीन दोन एकर, कोरडी. पोराला वर्साचं चार महिनं काम." ते थांबले. "ह्ये खरं हाय, ते ल्ह्या. मी खोटं सांगितलं व्हतं, तेबी ल्ह्या. पर गरीब हा शबूद माज्या तोंडून निघणार न्हाय. तो तुमचा तुमी ल्ह्या."

आणि ते बसले नाहीत. चालत पटांगणाबाहेर निघून गेले. भाऊसाहेबांनी ठराव लिहिला. संभाजीरावांनी हात वर केला की नाही, हे कुणी पाहिलं नाही. पण विरोधही कुणी केला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सारजाला इंदापूरचं बोलावणं आलं. कचेरीतल्या कारकुनानं तिचा अर्ज घेतला, नाव वाचलं आणि शिवणकामाच्या गठ्ठ्यावर ठेवला. सारजानं तो उचलून मोटारीच्या गठ्ठ्यावर ठेवला. कारकुनानं वर पाहिलं. तिनं अर्जातल्या त्या ओळीवर बोट टेकवलं आणि ते उचललं नाही, तो हं म्हणेपर्यंत.

मोटारीच्या वर्गाला जागा अठरा आणि अर्ज तीस. म्हणून शिकवणाऱ्या सरांनी परीक्षा ठेवली होती. पन्नाशीचे, कमी बोलणारे, खिशात तीन पेनं. त्यांनी मागच्या शेडमध्ये जळक्या मोटारी मांडून ठेवल्या होत्या, तिघांत एक. काम एकच सांगितलं. ही मोटार रिकामी करायची.

सारजाच्या वाट्याला दोन तरुण आले. एक निमगावचा, एक लोणी देवकरच्या कारखान्यात चार महिने हेल्पर राहिलेला. शेडभर छिन्नी-हातोड्यांचा आवाज सुरू झाला. पोरं एका बाजूनं वेटोळी तोडत होती, पक्कडीनं जळक्या तारा उपसत होती, फेकत होती. कोण आधी रिकामी करतो याची चढाओढ लागली. तिच्या जोडीदारांनी छिन्नी उचलली तेव्हा सारजानं मोटारीवर आडवा हात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "कागद-पेन्सिल हाय का कुणाकडं?"

"मुहूर्त काढताय का, वहिनी?" हेल्पर राहिलेला म्हणाला.

कुणाकडून तरी वहीचं पान मिळालं. तिनं मोटारीची तोंडं पुसली आणि खाचा मोजल्या. चोवीस. कुठली तार कुठं जोडली आहे ते तिनं रेघा ओढून काढलं. पहिल्या खाचेतून निघालेलं वेटोळं कितव्यात शिरतं, ते लिहिलं. मग एकच वेटोळं तोडलं आणि तुटलेली टोकं एकेक करून मोजली. पुन्हा मोजली. शेजारच्या मोटारी एव्हाना रिकाम्या होऊन लखलखत होत्या. तिची अजून अर्धी भरलेली होती. निमगावच्या पोराचा धीर सुटला. तुमच्यामुळं आमची जागा जाणार, असं तो दोनदा म्हणाला. जाणार नाही, असं सारजानं एकदाच सांगितलं. मनातून तिला खात्री नव्हती. तीन वर्षांत तिनं किती मोटारी रिकाम्या केल्या होत्या, पण मोजायचं काम कायम मिस्त्रीचं असे. ती फक्त त्याच्या ओठांकडं बघायची.

सर फिरत आले. पहिल्या रिकाम्या मोटारीपाशी थांबून त्यांनी विचारलं, फेरे किती होते? तिघंही एकमेकांकडं बघू लागले. दुसऱ्या मोटारीपाशी विचारलं, जोडणी कशी होती? कुणाला सांगता येईना. जमिनीवर तुटक्या तारांचा ढीग पडला होता आणि त्यात आता काही सापडण्यासारखं नव्हतं.

"आता ही भरणार कशी?" सर म्हणाले. रागावले नाहीत. पुढं सरकले.

सारजानं पान पुढं केलं. सरांनी ते वाचलं, खाली वाकून राहिलेली वेटोळी पाहिली, एका ठिकाणी पेनानं खूण केली. एक जोडणी तिनं उलट काढली होती. ती त्यांनी तिच्यासमोरच दुरुस्त केली.

"कुठं शिकलात?"

"शिकले न्हाय. जळकी तार काढायला होते, बारामतीत. भरू दिली न्हाय कुणी."

सरांनी खिशातलं दुसरं पेन काढून यादीवर तिचं नाव लिहिलं, आणि खाली तिच्या दोन्ही जोडीदारांची. निमगावच्या पोरानं जमिनीवरची छिन्नी उचलून मुकाट्यानं तिच्या हातात दिली.

सारजा चारच्या एसटीनं परतली. धोंडीबा ओसरीवर दिशाला घेऊन बसले होते. ग्रामसभेपासून त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नव्हता आणि आताही ते नातीच्या झबल्याचा बंद बांधत राहिले. सारजानं भागुबाईंना सगळं सांगितलं, सोमवारपासून वर्ग आहे म्हणाली, सकाळच्या सातच्या गाडीनं जावं लागेल म्हणाली. ती आत वळली तेव्हा मागून आवाज आला.

"किती जण हायत वर्गात?"

"अठरा."

"त्यात बाया?"

"मी एकटीच, मामंजी."

धोंडीबा शाळेत दोन इयत्ता शिकले होते. दोन्ही उंबऱ्याच्या बाहेर बसून. तिथून फळा अर्धाच दिसायचा, असं ते कधीतरी म्हणत. त्यांनी बंदाची गाठ पक्की केली आणि दिशाला खाली सोडलं.

"मग पुढं बस," ते म्हणाले.

सोमवारी वर्गात पहिल्या बाकड्यावर दोघं आधीच ऐसपैस बसले होते. सारजानं त्यांना सरकायला सांगितलं.